रंगरावांचा दयाळ

आमचं गाव तलवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. हाक मात्र रंगराव देशमुखांनी मारली पाहिजे. तुम्ही-आम्ही मारली तर ती मधल्या ओढ्यातच बसकण मारील. रंगरावांनी आपल्या बागेत उभं राहून नुसतं "आरं ए!" केलं, की तिकडं तलवाड्याच्या बाजारात बसलेली माणसं "जी मालक!" म्हणत उठून उभी राहायची आणि मग आपल्याला बोलावलं कुणी म्हणून एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यांनी मला सांगितलं ती माणसं माझ्यापेक्षा कमी खोटं बोलणारी होती, आणि आमच्या भागात एवढा पुरावा पुरे धरतात.

राज्य निजामाचं होतं. सरकार हैदराबादेत बसे आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत कधीमधी येई. रंगरावांचा रोज येई. माझा आणि त्यांचा बांध एकच, त्यामुळं त्यातला पहिला वाटा माझा. सकाळी ते चूळ भरून जो खाकरा काढत, तो कानावर पडल्याशिवाय आमची म्हैस पान्हा सोडत नसे. एकदा ते बीडला लग्नाला गेले आणि तिकडंच रमले, तर आमच्या घरी ताकाचे वांधे झाले. शेवटी मी स्वतः गोठ्यात जाऊन खाकरलो. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं, की पुन्हा तो उद्योग मी केला नाही.

एकदा म्हाळसाबाई धनगरणीचं कोकरू लांडग्यानं उचललं. म्हाळसाबाईची मेंढरं माळावर असत, कोंबड्या गावभर असत आणि जीभ सगळीकडं असे. तिनं बोंब ठोकली. रंगराव बागेतून बाहेर आले, छाती भरून घेतली आणि ओरडले. लांडग्यानं कोकरू टाकलं. पळालाही नाही म्हणतात. खाली बसला आणि शरमेनं पुढच्या पायांत तोंड खुपसलं. गावानं रंगरावांना खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. म्हाळसाबाई मात्र कोकराचं अंग चाचपत म्हणाली, "वाचिवलं खरं मालकांनी. पर आता ह्याला जल्मात ऐकू यायचं न्हाई."

आणि हा माणूस एका मूठभर पाखरापुढं कुजबुजत असे.

पाखरू म्हणजे दयाळ. चिमणीपेक्षा थोरलं, साळुंकीपेक्षा धाकटं, अंगात काळा कोट, पोटाला पांढरं धोतर, शेपूट कायम वर. देशमुखांच्या बागेतल्या विहिरीवर मोट होती. मोटेच्या चाकावर जो आडवा लाकडी दांडा असतो, त्याच्या टोकावर हा दयाळ चैत्र लागला की येऊन बसे आणि गाई. रंगराव त्याला 'उस्ताद' म्हणत. पिंजरा हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. एका हौशी पाहुण्यानं काढला होता. तो पाहुणा जेवायलाही थांबला नाही.

उस्ताद गात असला की बागेत कायदा वेगळा. मोट थांबायची. मोट थांबली की चाकाची कुरकुर थांबायची. ती तरीही वाऱ्यानं जराशी होते म्हणून रंगराव चाकाला करडईचं तेल पाजत. माणसांच्या कालवणात नसेल इतकं. मोट हाकताना गाणं म्हणायची मोटकऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. देशमुखांच्या मोटकऱ्याला ती बंदी. बिचारा नुसते ओठ हलवायचा, बैल त्याच्या तोंडाकडं बघून चालायचे.

मी एकदा काही कामानं बांध ओलांडून गेलतो. बैल मोटेच्या उतरत्या धावेवर उभे, मोटकरी उभा, मोट अर्ध्या विहिरीत लोंबकळतेय आणि रंगराव आंब्याखाली मांडी घालून बसलेले.

"रंगूदादा, ते आपलं बांधाचं..."

"हळू बोल बे गणपत," त्यांचा श्वास तेवढा ऐकू आला. "गाणं चाललंय."

"कुणाचं?"

"कावून इचारतो? डोळं घरी ठिवून आला का? बस खाली."

मी बसलो. उस्तादानं एक लांब शीळ घातली, ती मध्येच मोडली, पुन्हा सांधली आणि शेवटाला असा काही झोका दिला, की माझं बांधाचं काम मी जे विसरलो ते आजपर्यंत आठवलेलं नाही. त्यामुळं तो बांध अजून वाकडाच आहे.

घरातून सरूवहिनी बाहेर आल्या. या रंगरावांच्या मंडळी. आवाज बेताचा, पण शब्द वजनदार. त्या म्हणाल्या, "अहो, केळी वाळाया लागली. पाणी सोडा."

"वाळू दे. केळी पुढल्या साली येतील. ही तान पुन्हा यायची न्हाई."

"मग जेवाया ताटात तानच वाढते," असं म्हणून त्या आत गेल्या. आणि त्या दिवशी खरोखर रंगरावांच्या पुढं रिकामं ताट आलं. रंगरावांनी ते ताट कपाळाला लावलं आणि म्हणाले, "पोट भरलं."

या उस्तादाची कीर्ती गेवराईला गेली, आणि तिथून दौऱ्यावर आलेले तहसीलदारसाहेब मुद्दाम गाणं ऐकायला थांबले. गालिचा अंथरला, लोड ठेवले, गाव येऊन बांधाबांधानं बसलं. उस्ताद मोठा कलावंत. वाट बघायला लावल्याशिवाय गायला तर तो कलावंत कसला? साहेबांनी जांभई दिली, पेशकारानं डुलकी काढली, आणि मग एकदाची शीळ उठली. साहेब खानदानी माणूस. पहिल्याच हरकतीला मांडीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "वाह! क्या बात है!"

उस्ताद गप्प झाला. आणि रंगरावांनी ओठांवर बोट ठेवून, खुद्द तहसीलदाराला, म्हटलं, "शूऽऽ! चूप!"

पेशकाराच्या हातातली दौत गालिच्यावर सांडली. तो डाग देशमुखांच्या घरी पुढं पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला होता. साहेब लाल झाले, मग गोरेमोरे झाले, मग त्यांनी खरोखर तोंड मिटलं. उस्तादानं थोडं मनवून घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. ते संपल्यावर साहेब उठले आणि रंगरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देशमुख, डाँटनेवाले बहुत देखे. इतने आहिस्ता से आज तक किसीने नहीं डाँटा."

एवढ्या लौकिकाचा गवई. त्याला पाणी प्यायला ओढ्यावर जावं लागतं, हे रंगरावांच्या मनाला लागून राहिलं. वैशाखात ओढा म्हणजे गरम वाळू आणि तिच्यात चार डबकी. म्हणून त्यांनी मोटेचं पाणी ज्या दगडी कुंडात पडतं, त्या थारोळ्याखाली एक तळं खोदवलं. तळं कसलं, बैलगाडी वळेल एवढा खड्डा. पण ते त्याला तळंच म्हणत. काठाला उतरती फरशी लावली, पाखरांना पाय टेकता यावेत म्हणून. मग त्यांना वाटलं, दरबारात फुलं पाहिजेत. गोदेच्या अंगाला एक जुना तलाव होता. तिथं गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी कमळाचे गड्डे काढले, डोक्याचा पटका सोडून त्यात चिखलासकट बांधले आणि देशमुख भर दुपारचे बोडक्या डोक्यानं, चिखल गळत्या गाठोड्यासह गावात शिरले. लोकांना वाटलं, कुणी तरी गेलं.

कमळ रुजलं. त्या चिखलातून आणखी काय काय आलं, त्याचा पत्ता आम्हाला फार उशिरा लागला. आम्हाला दिसल्या त्या गोगलगाई, कमळाच्या पानांखाली चिकटलेल्या. आणि दिसले चतुर; ते लांब शेपटीचे, काचेच्या पंखांचे किडे, पाण्यावर एका जागी थरथरत उभे राहणारे. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि एके दिवशी पहाटे कमळाच्या दांड्यावर चढून, पाठ फोडून, पंख घेऊन बाहेर निघतं. पंख वाळेपर्यंत त्याला उडता येत नाही. नेमकं तेव्हा उस्ताद आणि त्याची बायको हजर. टिपला, गिळला, टिपला, गिळला. रंगराव आंब्याखाली बसून लेकीच्या लग्नात वाढप बघावं तसं बघत.

"पंगत बसली बघ, गणपत," ते कुजबुजत. "कुणाला म्हणून उपाशी उठू द्यायचं न्हाई."

नुसते दयाळच नाही. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, चिमण्यांचा तर बाजारच. म्हाळसाबाईच्या कोंबड्याही कुंपणाखालून घुसून चतुरांवर ताव मारू लागल्या. गाव म्हणालं, देशमुखानं पुण्य बांधलं. रंगराव त्या उन्हाळ्यात इतके सुखी होते, की त्यांचा आवाज आणखी दीड पट झाला आणि आमच्या म्हशीचं दूधही.

पुढल्या चैत्रात बागेच्या दगडी भिंतीत, एक दगड निखळलेल्या खोबणीत, दयाळिणीनं घरटं घातलं. रंगराव लांबूनच बघत. एक दिवस त्यांनी मला हातानं बोलावलं. खोबणीखाली जमिनीवर काही तरी पडलं होतं. अंडं होतं, आणि नव्हतं. कवचच नाही. नुसती पातळ कातडीची पिशवी, वरून मुंगळा चालला तर त्याच्या पायांचे खड्डे पडावेत अशी. हात लावला तर फुटून बोटांना चिकटली.

"घाईत घातलं असंल," मी म्हणालो.

दुसरंही तसंच निघालं. तिसरं घरट्यातच फुटलं.

त्याच आठवड्यात म्हाळसाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात केळीच्या पानावर तसलीच एक पिशवी, जरा मोठी.

"देशमुख, भाईर या! बघा माझ्या कोंबड्या काय घालाया लागल्यात! ह्ये अंडं हाय का गळू हाय? तुमच्या त्या काळ्या-पांढऱ्या गवयाची नजर लागली माझ्या कोंबड्यांस्नी!"

"नजर?" रंगराव गरजले, माझ्या शेतातली टिटवी उडाली. "आगं, तुझ्या कोंबड्यांकडं ढुंकून बघाया त्याला येळ हाय का? तुझ्याच कोंबड्यांनी येऊन माझं तळं बाटवलं!"

"तळं बाटवलं! पाखरांच्या मुताचं डबकं ते!"

"डबकं म्हणू नको!"

"लाख येळा म्हनीन!"

दोघंही भांडत होती आणि दोघंही त्या पाण्याकडंच बोट दाखवत होती. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा आम्ही फक्त भांडणाची मजा घेतली.

रंगरावांनी खूप विचार केला. पान खाणारा माणूस. त्यांचा विचार चुन्याच्या डबीशी येऊन थांबला. अंड्याला कवच नाही म्हणजे चुना कमी पडतोय. चुना कशात असतो? शंखात. शंख कुणाच्या पाठीवर? गोगलगाईच्या. असा सरळ हिशेब. पाखरं गोगलगाई खातील, शंख पोटात जाईल, अंड्याला कवच येईल. ते बोलले तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आजही कुणी माझ्यापुढं असं बोललं तर माझी मान डोलेल. मग काय, गाडी जुंपून माणसं त्याच जुन्या तलावावर गेली आणि पाट्या भरभरून गोगलगाई आणल्या. रंगरावांनी त्या आपल्या हातानं, फुलं वाहावीत तशा तळ्यात सोडल्या.

दयाळीण त्याच उन्हाळ्यात गेली. पंख सोडून, पोट फुगवून आंब्याखाली पडली होती. रंगरावांनी नव्या पटक्याचा काठ फाडून तिला त्यात गुंडाळली आणि पांढऱ्या चाफ्याखाली खड्डा घेतला. म्हाळसाबाई कुंपणापलीकडून बघत होती.

"पुरू नका, मालक. उघडून बघा."

"काय उघडून बघू?"

"पोट. मेंढरू मेलं की आमी आधी त्याचं कारीज बघतो. मग कळप कुठल्या रानाला न्यायचा, कुठल्या न्हाई, ते ठरतं. मेल्याचं पोट जित्याला वाट सांगतं."

"मेंढरू न्हवं हे!" रंगरावांचा आवाज चिरला. "माझ्या उस्तादाची बायको हाय. तिला सुरी लावू?"

म्हाळसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "लावू नका. पुरा. मंग मातीला सांगंल ती."

उस्ताद त्या साली एकटाच गात राहिला. गाणं तेच; पण रंगराव म्हणत, तान शेवटाला खाली येते, वर जात नाही. मला काही फरक कळला नाही. मात्र मोट आता तो गाताना चालू असायची. रंगरावांनीच सांगितलं होतं, चालू दे म्हणून.

पुढल्या चैत्रात त्याला नवी बायको मिळाली. जरा फिकी, चपळ, शेपूट उडवायची खोड. रंगरावांनी नवस केले, खोबणीच्या तोंडाशी काटेरी फांदी लावून सरड्याची वाट बंद केली, तळ्यात आणखी गोगलगाई घातल्या. या वेळी पहिलं अंडं पडलं ते पुन्हा पिशवी. मग ती घरट्यात जाईनाशी झाली. भिंतीवर पाय फाकवून, छाती वर काढून उभी राहायची. पाण्याची घागर काखेत घेऊन दमलेली बाई उभी राहते तशी. रंगरावांनी जवळ जाऊन ओंजळ धरली तरी ती उडाली नाही. तिथंच मला कळलं, की ही पण चालली. रानातलं पाखरू माणसाच्या ओंजळीत बसतं ते प्रेमानं नव्हे.

भर दुपारी ती त्यांच्या ओंजळीतच गेली. मी शेतातून बघत होतो. रंगराव ओंजळ तशीच धरून चालू लागले, चाफ्याकडं नाही, माळाकडं. मी मागून गेलो. म्हाळसाबाई मेंढरांच्या वाड्यापाशी बाभळीखाली लोकर निवडत बसली होती. जन्मभर जिच्याशी ते गावाला ऐकू जाईल असं भांडले, तिच्यापुढं ते खाली बसले आणि जो आवाज फक्त उस्तादासाठी राखलेला होता, त्या आवाजात म्हणाले, "म्हाळसाबाई, सुरी दे."

जिची जीभ सगळीकडं असे, तिनं लोकर बाजूला सारून नुसती सुरी काढली.

"मी कापते, मालक. तुमास्नी जमायचं न्हाई."

"न्हाई. माझ्या घरची हाय. तू नुसतं कुठं ते दाव."

तिनं आपला पदर दगडावर अंथरला. रंगरावांनी सुरीच्या टोकानं ते चिमुकलं पोट उघडलं. म्हाळसाबाईनं आधी कारीज, म्हणजे यकृत, बघितलं. साफ होतं. "हितं न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी गोंधळली. पण त्याच्या खाली, जिथून अंडं येतं ती नळी सुजून लाल झाली होती, भोवती दह्याच्या कवड्यांसारखं पिवळं काही साचलं होतं, आणि नळीत ते होते. मसुरीच्या डाळीएवढे, तसेच तांबूस, पानासारखे चपटे. एक रंगरावांच्या नखावर आला आणि हलला.

"पान," म्हाळसाबाई हळूच म्हणाली. "मेंढराच्या कारजात असतंय ते थोरलं. ह्यो त्याचा धाकला भाऊबंद दिसतोय."

मग ती उठली, पाय ओढणारी आपली एक कोंबडी पकडली आणि देवाचं नाव घेऊन कापली. नळीत तेच. कोंबडीच्या गळ्याच्या पिशवीत न पचलेले काचेसारखे पंख निघाले. चतुराचे. दयाळिणीच्या पोटातही तसलेच तुकडे होते.

"मेंढराला पान कुठं लागतंय, मालक? वल्या रानात. जिथं गोगलगाय, तिथं आमी मेंढरू नेत न्हाई. मरायला टेकलं तरी न्हाई." तिनं बागेकडं हात केला. "तुमी ज्याला तळं म्हणता ना, त्याला आमी पाणथळ म्हणतो."

पुढं माझा एक पुतण्या जनावरांचा डॉक्टर झाला. त्यानं मला या किड्याची सगळी कुंडली मांडून दाखवली. पाखराच्या पोटातून किड्याची अंडी पाण्यात पडतात. तिथं तो गोगलगाईत शिरतो. तिथून निघून चतुराच्या पाण्यातल्या पिल्लात. आणि पाखरानं चतुर खाल्ला की पुन्हा पाखरात. मी म्हटलं, अरे, इतक्या बदल्या तर आमच्या गिरदावरसाहेबाच्याही झाल्या नाहीत. पण त्या दिवशी बाभळीखाली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाळसाबाईला एवढंच ठाऊक होतं, की ओल वाईट. रंगरावांना एवढंच आठवत होतं, की पंगत त्यांनी वाढली होती.

"म्हंजी मीच," ते म्हणाले.

"तुमाला ठावं न्हवतं, मालक."

"तिला तरी कुठं ठावं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्याचा बांध फोडला. नेमका वैशाख. ज्या महिन्यात गरिबातला गरीब माणूस पाखरांसाठी दारात पाणी ठेवतो, त्या महिन्यात देशमुखानं पाखरांचं पाणी तोडलं. गावानं तोंडात बोटं घातली आणि मग ती बोटं काढून बोलायला सुरुवात केली. चावडीवर कुणी म्हणालं, डोकं फिरलं. कुणी म्हणालं, नुसतं पाणीच तोडलं न्हवं, आता शापही घेईल. रंगरावांनी एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाही. माझ्याकडून सांगून झालं. पण माझ्या बोलण्यावर गावानं विश्वास ठेवायचा म्हणजे आधी मला माझ्या पहिल्या सगळ्या गोष्टी परत घ्याव्या लागल्या असत्या.

पाणी गेलं तरी चिखल राहिला. चिखलात गोगलगाई, कमळाच्या दांड्यांवर उशिरा निघालेले चतुर. आणि पाखरांना काय सांगणार? ती सवयीनं येतच राहिली. उस्ताद आला. मोटेच्या आपल्या त्या दांड्यावर बसला, खाली बघितलं, शेपूट उडवली आणि चिखलाच्या कडेला उतरला.

रंगराव काठावर उभे होते. मी माझ्या बांधावर. त्यांनी छाती भरून घेतली.

लांडग्यावर ओरडले होते तेही मी ऐकलं होतं. पण ते काहीच नव्हतं. "जाऽऽ! निघ हितनं! जाऽऽ!" आंब्याच्या कैऱ्या गळाल्या म्हणतात, मी म्हणतो पानं गळाली. मोटेचे बैल मोट घेऊन उलटे पळाले. दयाळ एकदम उडाला, भिंतीवर बसला, मान वाकडी करून त्यांच्याकडं बघू लागला. जन्मात या माणसाचा मोठा आवाज त्याच्या अंगावर आला नव्हता. तो पुन्हा उतरला. ते पुन्हा ओरडले.

चिखल वाळून भेगा पडेपर्यंत रोज उजाडल्यापासून हेच. चिमणी उतरली की ओरड, बुलबुल उतरला की ओरड. म्हाळसाबाईच्या कोंबड्यांवर तर ती स्वतःच काठावर बसून ओरडे. दोघं शेजारी शेजारी बसून, एकाच बाजूनं भांडत. उस्ताद सगळ्यांत शेवटी गेला. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी रंगराव काठावरून उठले आणि माझ्याकडं बघून काही तरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय म्हणालात, दादा?" त्यांचे ओठ हलले, त्यांच्या मोटकऱ्याचे हलत तसे. आवाज गेला होता. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, बीडचे हकीम झाले. परत आली ती नुसती कुजबुज. आमची म्हैस त्यानंतर दोन-तीन दिवस गोठ्याच्या दाराकडं कान लावून उभी असे. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

पाखरांच्या पाण्याची वाट सरूवहिनींनी काढली. "तळंच पायजे असं हाय का? परळ ठिवा की. सकाळी भरा, दुपारी उलथा घाला, उन्हात खडखडीत वाळू द्या, पुन्हा भरा. वल ऱ्हाणारच न्हाई." मग आंब्याच्या फांद्यांना मातीचे पसरट परळ टांगले गेले. रंगराव ते स्वतः उलथे घालत. तळ्याच्या जागी चुना टाकून माती भरली आणि वर करडई पेरली. करडईला पाणी लागत नाही, म्हणून करडई.

त्या पावसाळ्यात, हिवाळ्यात मोट कुरकुरत राहिली. मोटकऱ्याला आता गायची परवानगी होती. तो गायचा, पण चोरून गायल्यासारखा. बाग म्हणजे, लग्न होऊन पाहुणे गेल्यावरचा मांडव.

माझी आणि रंगरावांची शेवटची म्हणून जी भेट मी धरतो, ती त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातली. तसे ते पुढं पुष्कळ वर्षं होते. भेटत, बसत, पान खात. पण मला विचाराल तर रंगराव मला शेवटचे दिसले ते तिथं.

मी माझ्या शेतात वखर धरला होता. बांधापलीकडून खडा येऊन पाठीवर बसला. बघतो तो रंगराव. हाक मारायची सोय नसलेला तो माणूस खडे मारून मला बोलावत होता. मी गेलो. त्यांनी माझ्या मनगटाला धरून मला भिंतीपाशी नेलं. वर मोटेच्या दांड्यावर शीळ चालू होती. उस्ताद होता की त्याचा कुणी भाऊबंद, मला सांगता येणार नाही. त्यांनी विचारू दिलं नाही. खोबणीच्या तोंडाशी एक करडी मादी चोचीत अळी घेऊन थबकली, आमच्याकडं बघितलं, आत शिरली, आणि आतून पिवळ्या चोचींचा असा काही कल्ला उठला, की रंगरावांच्या उमेदीतल्या आवाजाची मला आठवण झाली.

त्यांनी खाली वाकून धुळीतून काही तरी उचललं. फिकट निळसर, तपकिरी ठिपक्यांचा, नखाएवढा, कडक कवचाचा तुकडा. पिल्लू निघाल्यावर आईनं बाहेर आणून टाकलेला. तो त्यांनी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला आणि माझ्या कानाशी आणला.

"ऐक," त्यांच्या ओठांवर दिसलं.

आणि बोटं मिटली.

टच्.